देवालाही न मिळणारा झेंडू

मैत्रिणींनो, आज सकाळी मी शेजारच्या कुसुमताईंवर चक्क ओरडले. गच्चीवर टोमॅटोच्या कुंड्यांभोवती मी लावलेला झेंडू त्यांनी न विचारता खुडून नेला होता.

"देवालाच नेला ना हो? त्यात चोरी कसली?" वर मलाच ऐकवलं.

दहा मिनिटांत त्यांची हाक आली. "अहो, गणपतीच्या डोक्यावर अळी वळवळतेय!"

"मग? तो झेंडू तिच्यासाठीच लावलाय," मी म्हटलं. पतंग झेंडूवर अंडी घालतात, अळ्या फुलांत राहतात आणि टोमॅटो बरेचसे वाचतात.

हे मी कॉलेजात नाही, पिंपळगावच्या आमच्या मळ्यात शिकले. वडील टोमॅटोमध्ये अधूनमधून झेंडूची ओळ लावत. शाळेआधी अर्धा तास आम्ही दोघं त्या ओळींतून फिरायचो आणि पोखरलेली फुलं खुडून रॉकेलच्या पाण्यात बुडवायचो. आईने पूजेला फुलं मागितली की ते म्हणायचे, "देवाला जास्वंद वाहा. हा झेंडू कामावर हाय."

वडील एरवी फारसे बोलत नसत. त्या अर्ध्या तासात मात्र माझ्याशी भरभरून बोलायचे. आता ते नाहीत आणि मळाही नाही. टोमॅटो काय, बाजारातही मिळतात. मला सकाळचा तो अर्धा तास हवा असतो. आज गच्चीवर गेले तर फुलंच नव्हती, म्हणून एवढा आवाज चढला.

कुसुमताईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या मी येऊ का अळ्या वेचायला?"

या म्हटलं. पण सहाला, आणि फुलांची परडी घरी ठेवून.

कीड दूर ठेवायला तुमच्या घरी कोणतं झाड लावत असत? आणि ते पाहिलं की कोण आठवतं?