मधल्या पदाची फोड

नेवाशाजवळच्या आमच्या शाळेत नववीच्या गणिताच्या सरांना मुलींची फार काळजी. बीजगणितानं आमच्या नाजूक डोक्याला इजा होऊ नये म्हणून बिचारे झुरायचे. "पोरींनो, सामान्य गणित घ्या. भाकरी थापायला क्ष लागत न्हाई." बाकीच्या सगळ्याजणींनी घेतलं. मी नाही घेतलं! सामान्य गणितावर मॅट्रिक झालं की पुढं सायन्स बंद, आणि मला तर सायन्सलाच जायचं होतं.

"बरं," सर म्हणाले, "शनिवारी फळ्यावर अवयव पाडून दाखव. न्हाई जमलं तर गुमान सामान्य."

झालं! घरी मी मोठमोठ्यानं घोकत बसले, अवयव पाडा, अवयव पाडा. गोठ्यातून वडील ओरडले, "कुनाचं अवयव पाडती गं? आधी म्हशीला पेंड घाल!"

सरांची शिकवायची पद्धत तर फारच सोपी. तोंड फळ्याकडं, पाठ आमच्याकडं, आणि एकच मंत्र: "मधल्या पदाची फोड करा!" असं म्हटलं की अख्खा वर्ग मधल्या पदावर तुटून पडायचा. मधे सात असले की एक-सहा, दोन-पाच, तीन-चार, नुसती फोडाफोडी. त्यातल्या एखाद्या जोडीचा गुणाकार शेवटच्या पदाशी जुळला तर नशीब.

शनिवारी सरांनी खास माझ्यासाठी निवडून गणित घातलं. क्ष वर्ग अधिक क्ष वजा बारा. मधे नुसता एक क्ष!

मागून एक पोरगा म्हणाला, "सर, एकाची काय फोड करायची? त्यो आधीच बारीक हाय!" वर्ग खिदळला. सरांनाही लई आनंद झाला.

मी खडू धरून उभी. एक काही फुटेना, म्हणून नाइलाजानं बाराकडं बघितलं. बे सख बारा. तीन चोक बारा. बाराच्या आधी वजा, म्हणजे एक आकडा अधिक, दुसरा वजा. चारातून तीन गेले की... एक! अहो, फोडायचं बाराला होतं! नाव मधल्याचं आणि मार शेवटच्याला!

लिहिलं. क्ष अधिक चार, क्ष वजा तीन.

सरांनी गुणून बघितलं. पुसून परत गुणलं. बारा काही तेरा होईनात.

"कुनी शिकवलं?"

"कुनी न्हाई सर. मधल्याची फोड व्हईना, मग शेवटच्याची केली."

आता वर्ग सरांना हसला.

"बस खाली!"

"कशात बसू, सर?"

सरांनी डस्टर आपटलं. खडूच्या धुरळ्यातून आवाज आला, "बीजगणितात बस, बये!"