गाण्यांमधली फट

कॅसेट हातात आली की भाऊ ती आधी नाकाशी न्यायचे. आपण आंबा हुंगतो ना, तसं. मग निकाल द्यायचे, "बुरशी हाय. पर जगंल." लोणावळ्याच्या हवेत माणसांना बुरशी येत नाही हेच नशीब. कपाटातल्या कॅसेटींवर तर पीठ धरतं.

तुमच्यापैकी कुणाचं लग्न व्हिडिओ कॅसेटच्या काळात मावळात झालं असेल, तर शूटिंग बहुतेक भाऊंनीच केलं असणार. खांद्यावर भलामोठा कॅमेरा, मागे वायर सांभाळत चालायचे. पुढे कॅसेट लावायची यंत्रंच घराघरांतून गेली आणि त्याच कॅसेटी लोक पिशव्या भरून त्यांच्या गाळ्यात आणू लागले, डीव्हीडी करून द्या म्हणून. मीही माझ्या लग्नाची नेली. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिचा आवाज कुठेच राहिला नव्हता, मोबाइल तिच्या वाट्याला आलाच नाही. भाजे गावात, आमच्या दारातल्या मांडवात ती दिवसभर बोलत होती, तेवढं त्या कॅसेटमध्ये असेल अशी आशा.

गाळ्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. कुणाची कॅसेट कुठली, कोणती झाली, कोणती राहिली, सगळं भाऊंच्या डोक्यात. मी पडले वडगावच्या तहसील कचेरीतली कारकून. मला असला पसारा बघवत नाही. "भाऊ, कामाला काही क्रम लावा," म्हटलं आणि चिक्कीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून लिहायलाच बसले. आधी हुंगणे. मग दोन दिवस बल्बच्या उबेला. मग पट्टी शेवटपर्यंत पळवून परत मागे आणणे, कारण पडून पडून ती सैल होते. "आधी शेवट गाठायचा, मग सुरुवात," हे भाऊंचं ठरलेलं वाक्य. मग यंत्राचं हेड पुसणे, आणि मग कॉपी.

"दोन यंत्रं एकदम लावा की. लवकर उरकेल."

"ताई, लग्न तीन तासांचं, तर कॉपीबी तीन तासांचीच. आन मी समोर बसनार. लोकांचं लग्न लावलं आन आपन उटून गेलो, बरं दिसतं का ते?"

आणि ते खरंच बसायचे. पडद्यावर कुणी आलं की पुटपुटायचे, "हाय... हाय... ही न्हाई आता." शाळेतली हजेरी घ्यावी तसं. मला आपलं हसू यायचं.

माझी कॅसेट लागली त्या दिवशी मी रजा टाकून शेजारी बसले. आई दिसली. हिरवं लुगडं, हातात अक्षतांचं ताट, ओठ हलताहेत. आणि आवाज सिनेमातल्या गाण्याचा. ते संपलं की दुसरं. तीन तास आई बोलत होती आणि मला तिचा एक शब्द ऐकू आला नाही.

"माझ्या आईला मुकी केलीत तुम्ही," मी म्हणाले. वाईट बोलले. भाऊंनी कॅसेट मागे न्यायला लावली.

घरी पोचेपर्यंत मला आठवलं. शूटिंगवर गाणी चढवायची तेव्हा पद्धतच होती, आणि गाण्यांची यादी मी केली होती. फुलस्केप कागदावर, वळणदार अक्षरात, छत्तीस गाणी. आई म्हणाली होती, "आगं, मानसांचं बोलनं ऱ्हाऊ दे की थोडं." आणि मी तिला गप्प केलं होतं, "तुला नाही कळत त्यातलं."

दुसऱ्या दिवशी परत गेले. "भाऊ, यादी माझी होती. तुम्हाला आठवत होतं?"

"व्हय. अक्षर चांगलं व्हतं, म्हनून ध्यानात ऱ्हायलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी आईसाठी रडत व्हता. त्यात यादी कुटं काढायची?"

आठवड्याने त्यांचाच फोन आला. "या जरा. एक गानं संपलं की दुसरं लावायला मी बटन सोडायचो. तेवढ्या फटीत मूळचा आवाज तसाच ऱ्हायलाय, पर लई बारीक. मोठा करून ऐकावा लागतोय." चौतीस फटींत बँड, पोरांचा कालवा, पातेल्यांचा खणखणाट. एका फटीत, एकाच, आई: "त्या क्यामेरावाल्याला कुनी वाढलं का न्हाई?" मला इतकं रडू फुटलं की पुढचं काही कानावर आलंच नाही.

ती फट भाऊंनी डिस्कच्या शेवटी पुन्हा वेगळी जोडून दिली. पुठ्ठ्यावर मी नवी ओळ लिहिली, 'फटी ऐकणे'. तेव्हापासून प्रत्येकाच्या डिस्कच्या शेवटी भाऊ त्याच्या लग्नातल्या फटी जोडायचे. लोक विचारायचे, हे काय खरखरतंय? भाऊ म्हणायचे, "ऐका तर."

गेल्या दिवाळीआधी भाऊ गेले. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पुठ्ठा मी मागून आणला, कपाटाच्या दाराला आतून लावलाय. फार आठवण येते हो त्यांची.

डिस्क मी अधूनमधून लावते. आईचं वाक्य संपलं रे संपलं की मागे न्यायची, पुन्हा तेच ऐकायचं, ही माझी सवय. परवा रिमोट हाताशी नव्हता, म्हणून ती पुढे चालत राहिली. आईच्या मागोमाग, अगदी माइकजवळून, एक तरणा आवाज आला, "आधी तुमी जेवा, मावशी. मी हाय हितं."

आणि लगेच गाणं सुरू झालं, माझ्या यादीतलं एकोणतिसावं.