निरोपाची ओळ

यंत्रावरची धूळ तापल्याचा वास आला की मला माणिकपूरमधला आमचा छोटा स्टुडिओ आठवतो. तिथे कोळीवाड्यातल्या एका मावशींची लग्नाची गाणी आम्ही कॅसेटसाठी रेकॉर्ड केली होती. शेवटी मी पाठवणीचं अख्खं गाणं कॉम्प्रेसरमधून काढलं. मोठा आवाज दाबून हळू आवाज वर आणणारं ते यंत्र नवीनच घेतलेलं, त्यामुळे बटण जरा जास्तच फिरवलं. आता रिक्षात वाजलं तरी शब्द न् शब्द कळेल, म्हणून मी खूश होतो. मावशींनी ऐकलं आणि विचारलं, "लेकीला निरोप देताना कोन एवढ्या मोठ्यानं गातं, बाबा?" मी म्हणालो, "तुम्ही हळूच गायलात मावशी, यंत्रानं वर आणलं." त्या म्हणाल्या, "मला तिथं रडू आलेलं, म्हनून आवाज बसला. तो तसाच ठेव." मी ओशाळलो. बटण मागे घेत गेलो, निरोपाची ती ओळ पुन्हा दबकी ऐकू आली तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली. परवा ते गाणं कॉम्प्युटरवर घेतलं, तर त्या ओळीत टेपची खरखरच जास्त होती. आवाज वाढवायला एक क्लिक पुरला असता, पण माझा हात काही पुढे झाला नाही.