पंपहाऊसमधले इंजिनेर

पंपहाऊसच्या लॉगबुकात दर तासाला व्होल्टेज, करंट आणि प्रेशर लिहायचं असतं. किश्शांसाठी मात्र रकाना नाही! त्यामुळे ते नुसते साठत जातात, आणि माझ्यासारखी बडबडी बाई भेटली की बाहेर पडतात. मी मूळची कोरेगावची, नोकरी सांगलीकडं. कृष्णेचं पाणी तीन टप्प्यांत उचलून पूर्वेच्या माळावर नेणारी एक उपसा योजना आहे, तिच्या पहिल्या टप्प्यावर मी इंजिनिअर आहे. म्हणजे पगारपत्रकावर तरी तसं छापलंय.

आमचे ऑपरेटर दस्तगीरमामा परवाच निवृत्त झाले. तीस वर्षं त्यांनी नदीचं पाणी वर ढकललं, पण ते शेवटच्या गावात पोचताना एकदाही बघितलं नव्हतं. कसं बघणार? ऑपरेटर दोनच. एक दिवसाचा, एक रात्रीचा. पंप चालू असले की मामा इथं, आणि पंप बंद करून ते तिथं पोचेपर्यंत पाणी संपलेलं. जायच्या आधी एकदा ते पाणी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "आरं, टीव्हीत तर समुद्र बी दिसतोय!"

*

माझा पहिला दिवस. मामा मोटारीवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे. मला वाटलं, दुवा मागतायत. ते तापमान बघत होते!

डोळे उघडून मला विचारलं, "म्याडम, तुमी कंच्या जातीचं इंजिनेर?"

मी दचकलेच. म्हटलं, झालं, पहिल्याच दिवशी भांडण.

"जातीचं म्हंजी बगा, सही करनारं, फोटू काढनारं, का हात काळं करनारं?"

"अजून ठरायचंय, मामा."

"मग ह्यो धरा," म्हणाले आणि माझ्या हातात पाना दिला. संध्याकाळपर्यंत माझी जात ठरली होती. ड्रेसला लागलेलं ग्रीस आजतागायत निघालेलं नाही.

*

माझा नवरा शिरवळच्या एका कंपनीत आहे. तिथं कुणावरही दगड मारला तरी तो इंजिनिअरलाच लागतो. सेल्स इंजिनिअर, सर्व्हिस इंजिनिअर, ट्रेनी इंजिनिअर! एकदा तो मला न्यायला आला आणि ऐटीत मामांना कार्ड दिलं. कस्टमर सपोर्ट इंजिनिअर.

मामांनी कार्ड उलटसुलट बघितलं. "म्हंजी काय चालवता?"

"चालवत नाही मामा. गिऱ्हाईक चिडलं की फोनवर त्याची समजूत काढतो."

मला वाटलं आता हसतील. पण मामा गंभीर झाले. "लय आवगड काम. आमची मोटार चिडली तर बंद तरी करता येती!"

नवऱ्यानं तेव्हापासून मामांना गुरू मानलंय.

*

गेटवर सुभेदार आण्णा. फौजेतून निवृत्त, साताऱ्याकडचेच. ऐन उन्हातसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावलेली. फौजेत ते इंजिनिअरांच्या पलटणीत होते आणि हा शब्द आपल्या मालकीचा आहे अशी त्यांची पक्की समजूत.

"पयला इंजिनेर फौजेतच झाला म्याडम. पूल टाकायचा, वाट काढायची, किल्ल्याची भिंत पाडायची यंत्रं करायची. आदी आमी जायचं, मग बाकीची पलटन. लोकांचं रस्तं, धरनं बांधनारं लय मागनं आलं. मग त्यास्नी येगळं नाव पायजे म्हून शिविल म्हनाय लागली."

मी सिव्हिलची पदवीधर. म्हटलं, "म्हणजे मी कोण?"

"बंदूक न दिलेला इंजिनेर!"

चार वर्षं कॉलेजात घासली, पण हे मला एकाही सरांनी सांगितलं नव्हतं. आण्णा फेकतायत असं वाटून मोबाइलवर शोधलं, तर खरं निघालं! आणि खाली वाचत गेले तसा अंगावर काटाच आला. मला आपलं वाटायचं, इंजिन चालवतो तो इंजिनिअर. पण शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या एका जुन्या शब्दात, आणि त्याचा अर्थ उपजत बुद्धी. त्या बुद्धीतून जे यंत्र निघालं त्यालाही लोकांनी तेच नाव दिलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

मामा पाना पुसत ऐकत होते. "म्हंजी आदी डोस्कं, मग मशीन?"

"हो मामा."

"बरं झालं लिवून ठिवलंय. मी सांगितलं आसतं तर कुनी ऐकलं नसतं."

*

एकदा पंप तपासायला पुण्याहून एक तज्ज्ञ साहेब आले. पेटीतून उपकरण काढलं, तिन्ही पंपांना लावलं आणि जाहीर केलं, "ऑल ओके!"

मामांनी त्यांना चहा दिला. स्वतःचा काचेचा ग्लास मात्र दोन नंबरच्या पंपाच्या पायाजवळ ठेवला आणि वाकून बघत बसले.

"काय बघताय?"

"च्या डाव्या अंगाला जास्त हलतोय सायेब. बोल्ट सैल झालाय."

साहेब हसले. मी पाना घेऊन खाली बसले. डाव्या अंगाचा पायाचा बोल्ट बोटानं फिरला हो, बोटानं!

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण माणूस मोठ्या मनाचा. स्वतःचा ग्लास पुढं करून म्हणाले, "मामा, मला पण शिकवा."

"शिकवतो की. निस्तं बिस्कुट बुडवू नगा, रीडिंग चुकतंय."

*

शेवटच्या गावात मी कामासाठी गेले होते. जतकडचा तो भाग, बोलण्यात निम्मं कानडी. जीपजवळ एक म्हातारी आली, सगळे तिला अव्वा म्हणत होते. तिनं जीपच्या मागं जाऊन बघितलं, आत डोकावून बघितलं.

"इंजिनेर कुठाय?"

"मीच."

वरपासून खालपर्यंत बघितलं तिनं मला. मी उत्तर तयारच ठेवलं होतं, असल्या बोलण्याला मी सोडत नाही!

"बाई हाय व्हय? मग येतंय पानी. बाप्यास्नी काय, तांब्या भरून आयता मिळतोय. घागर किती जड आसती ते बाईलाच ठावं!"

एवढ्या विश्वासानं माझ्याकडं कधी कुणी बघितलं नव्हतं.

परत आल्यावर मामांना सांगितलं. त्यांना अव्वाचं कौतुक वाटलं, पण प्रश्न वेगळाच होता. "तितं पानी पाटातनं पळत येतंय का सरकत?"

"मी गेले तेव्हा पाट कोरडा होता मामा."

"व्हय. माझं बी तसंच झालंतं," म्हणाले, आणि लॉगबुक भरायला उठले. मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी ठरवलं, त्यांच्या शेवटच्या आवर्तनाला, म्हणजे ते पाटाला शेवटचं पाणी सोडतील तेव्हा, त्यांची दिवसपाळी आपण करायची.

*

तर ते शेवटचं आवर्तन. सोमवारी मामांनी स्वतःच्या हातानं तिन्ही पंप चालू केले. मंगळवारी सकाळी सुभेदार आण्णांनी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवलं. मामांनी चारदा बजावलं, "एकेकाकडं बगत ऱ्हावा." मी म्हटलं, "जावा हो तुमी!"

आणि बरोबर दुपारी बारा वाजता तीन नंबर धाडकन बंद पडला! फोन करावा तर मामा निम्म्या वाटेवरून माघारी फिरले असते. केला नाही. पॅनेल उघडलं, एक वायर जळालेली सापडली, बदलली. तास गेला. वरच्या टप्प्याच्या ऑपरेटरला पाणी कमी येईल एवढंच कळवलं, कारण सांगितलं नाही. पंप परत सुरू केला. घाई झाली होती, तरी व्हॉल्व्हचं चाक मात्र दमानं, थांबून थांबून उघडलं; एकदम उघडलं की पाइपला हिसका बसतो. लॉगबुकात नोंद केली आणि वही मिटली.

बुधवारी सकाळी आण्णांचा फोन. "आलं! म्याडम, पानी आलं!" मागं नुसता गलका. नारळ फुटले, अव्वानं हळदकुंकू वाहिलं, लोक विचारत होते इंजिनेर कोण, तर आण्णांनी मामांना पुढं ढकललं. आणि मामा म्हणत होते, "मी न्हवं, त्या तितं पंपावर हाईत!" मग म्हणे ते पाटाच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसले ते उठेचनात. मी पॅनेलसमोर एकटी, आणि डोळ्यांतनं पाणी थांबेना.

दुपारी परत फोन वाजला. या वेळी मामाच.

"म्याडम, पानी चार बोटं उतरलंतं. आत्ता परत चढलं."

मी लॉगबुकाचं कालचं पान उघडलं.

"काल बाराच्या सुमाराला एक पंप बंद पडला हुता. तासभर."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? पानी म्होरनं जातंय न्हवं. भरल्या पाटातनं हितवर यायाला त्येला एक दीस लागतोय. आनि चढताना लय सावकाश चढलं. व्हॉल्व्ह दमानं उगडलासा. बरं केलंसा."