उलट्या नदीचे वाचक

मिस्त्रींना पुस्तकांचं वावडं नव्हतं, पण लळाही नव्हता. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. खड्ड्यात उतरून रुळांना ग्रीस लावायचं, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये चढून ब्रेक तपासायचा, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना दारातूनच धीर द्यायचा, असं ते काम. घरी आल्यावर हाताचं ग्रीस निघेपर्यंत जेवण निवून जायचं. वाचायचं ते वायरिंगचे नकाशे आणि सकाळचा पेपर, तोही मागच्या पानापासून.

मग किडन्यांनी हात टेकले. रक्तदाब कधीचाच होता, गोळ्या आठवतील तेव्हा घेतल्या जायच्या. एक दिवस मिस्त्री चौथ्या मजल्याच्या जिन्यावर बसले ते बसलेच. तेव्हापासून एक दिवस आड डायलिसिस, आणि पाणीही मोजूनच, नाहीतर ते अंगात साठून वजन वाढायचं. कंपनीने त्यांना फोनवर बसवलं. लोकांच्या तक्रारी घ्यायच्या आणि दुसऱ्या कुणालातरी जिने चढायला पाठवायचं. काम हलकं होतं, म्हणूनच ते त्यांना जड जायचं.

डायलिसिसची खोली लांबट होती. भिंतीला लागून खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन. डाव्या हातात दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. तो हात हलवायचा नाही. चार तास तसंच पडून राहायचं. फोन बघितला की मिस्त्रींना मळमळायचं, आणि भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद असायचा. ते छताचे चौकोन बघत पडायचे आणि घरी येऊन बायकोवर चिडायचे.

"अहो, हे घेऊन जा," एका सकाळी बायकोने पिशवीत एक जाडजूड पुस्तक कोंबलं. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेल्या मुलीच्या कपाटातलं हाताला लागलं ते.

"हे लहान मुलांचं आहे."

"मग? तुम्ही तरी काय मोठे लागून गेलात?"

पुस्तकाचं नाव होतं 'उलट्या नदीचा देश'. मिस्त्रींनी ते छातीवर उभं केलं आणि एका हाताने वाचायला घेतलं. पान उलटायचं म्हणजे सर्कस होती. अंगठ्याने पान सरकवायचं, हनुवटीने दाबून धरायचं. पहिल्या दिवशी पुस्तक दोनदा खाली पडलं.

"काका, तुम्ही तिसऱ्या भागापासून सुरू केलंय?"

शेजारच्या खुर्चीतली मुलगी बोलत होती. इतके महिने ती शेजारी होती, पण दोघांत "आज उशीर झाला ना" याच्या पलीकडे बोलणं नव्हतं. ती कुरिअरच्या ऑफिसात काम करायची म्हणून तिथले सगळे तिला कुरिअरवाली म्हणत. वय पंचविशीच्या आतबाहेर, चेहरा कायम सुजलेला, डोळे अर्धे मिटलेले. आत्ता ते टक्क उघडे होते.

"असे किती भाग आहेत?" मिस्त्रींनी विचारलं.

"सहा! सातवा यायचाय. आणि तुम्ही तिसरा वाचताय? काका, तुम्हाला बुचक कोण ते तरी कळलं का?"

"ते पाणमांजर ना? एक नंबरचं खोटारडं."

"खोटारडं नाही हो! त्याला शाप आहे. त्याला खोटंच बोलता येतं. ते सगळं पहिल्या भागात आहे." तिने डोकं परत टेकलं. तेवढ्या बोलण्यानेही तिला धाप लागली होती. "परवा आणते पहिला. हा ठेवून द्या. शपथ आहे तुम्हाला."

मिस्त्रींनी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशीही छतच बघितलं. पण घरी जाऊन चिडले नाहीत.

गोष्ट साधीच होती. एक नदी समुद्रातून निघून डोंगराकडे वर वर चढत जाते. तिच्यावर होडी चालवणाऱ्या माणसाची मुलगी, लिपी. तिच्या भावाला नदीने वर ओढून नेलंय, आणि लिपी त्याला शोधायला निघालीय. सोबतीला फक्त ते बुचक. ते म्हणालं 'डावीकडे सुरक्षित आहे' की उजवीकडे वळायचं. मिस्त्रींनी पहिला भाग संपवला, दुसरा संपवला. कुरिअरवालीने ही पुस्तकं शाळेत असताना पाठ केली होती आणि आजारी पडल्यावर पुन्हा काढली होती. ऑफिसात कुणाला सांगायची सोय नव्हती. मैत्रिणी म्हणायच्या, अजून तेच वाचतेस? आता तिला शेजारीच गिऱ्हाईक मिळालं.

समोरच्या खुर्चीत एक निवृत्त मुख्याध्यापिका असायच्या. त्यांना सगळे बाई म्हणत, डॉक्टरसुद्धा. बाईंना या दोघांची कुजबुज सहन होईना.

"मिस्त्री, या वयात हे वाचता तुम्ही?"

"कोणत्या वयात वाचायला हवं होतं, बाई?"

"आठव्या-नवव्या वर्षी."

"तेव्हा मी चाकं चोरत होतो," मिस्त्री म्हणाले. बाईंना हसू आलं आणि ते त्यांना आवडलं नाही.

खरं तर बाईंची नजर अधू होत चालली होती. साखरेने डोळ्यांतही घर केलं होतं. आयुष्यभर वाचत आलेली बाई, आणि आता औषधाच्या डबीवरचं नाव दिसत नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या, "वाचायचंच आहे तर नीट मोठ्याने वाचा. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता? मला अर्धंच कळतं, मग डोकं दुखतं."

तेव्हापासून मोठ्याने वाचन सुरू झालं. आधी कुरिअरवाली वाचायची. ती दमली की मिस्त्री. शाळा सोडल्यापासून त्यांनी मोठ्याने काही वाचलं नव्हतं. बाई उच्चार सुधारायच्या, "श नाही, ष" म्हणायच्या, आणि मिस्त्री पुढच्या ओळीत पुन्हा तसंच म्हणायचे. मध्येच कुणाचं तरी मशीन टीं टीं करायचं, वाचन थांबायचं. टेक्निशियन येऊन नळी सरळ करायचा, बटण दाबायचा आणि जाता जाता विचारायचा, "मग, सापडला का भाऊ?" कधी कुणाच्या पोटरीत गोळा यायचा. तेव्हा बाकीचे दोघे गप्प बसून समोर बघत राहायचे. कळ येणाऱ्याला कुणी बघितलेलं आवडत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

हळूहळू तिघं बुचकच्या भाषेत बोलायला लागले.

"बाई, कसं वाटतंय?"

"उत्तम. पळत घरी जाईन म्हणते."

"काका, वजन?"

"अजिबात वाढलं नाही. घोटभर पाणी प्यालो नाही."

टेक्निशियनने एकदा हे खरंच मानून वहीत लिहायला घेतलं, मग वजनकाटा बघून कपाळाला हात लावला.

वाद तर विचारू नका. लिपीच्या बापाने होडी जाळली ते बरोबर की चूक यावर कुरिअरवाली आणि बाईंचं इतकं जुंपलं की दोघींचा रक्तदाब वाढला आणि नर्सने पुस्तक काढून घेतलं. चार तास कधी सरायचे कळायचं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. ते कळायचेच. उठताना पाय दुसऱ्याचे वाटायचे, तोंडाला धातूची चव असायची, आणि मिस्त्री घरी जाऊन दुपारभर मेल्यासारखे झोपायचे. पण पूर्वी घरून निघताना जड व्हायचे ते पाय जरा कमी जड व्हायचे, एवढं खरं.

सातवा भाग यायचा ठरला. शहरातल्या मोठ्या दुकानात त्या दिवशी मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा होता. रविवार होता, डायलिसिसचा दिवस नव्हता. कुरिअरवालीने गळच घातली. बाई म्हणाल्या, माझा हात कोण धरणार? मिस्त्री म्हणाले, मी आहे की.

"स्वतःचं नाव घेताना दम लागतो, आणि निघाले दुसऱ्याचा हात धरायला," बायको म्हणाली. पण शर्टाला इस्त्री तिनेच केली.

दुकानाबाहेर रांग वळणापर्यंत गेली होती. मुलंच मुलं. कुणी कागदाची शेपटी लावलेली, कुणी वल्हं घेऊन आलेलं. उभं राहणं तिघांनाही जमेना. ते दुकानाच्या पायरीवर बसले. शेपटीवाल्या दोन मुली जवळ आल्या आणि त्यांनी तिघांना आपादमस्तक बघितलं.

"आजोबा, तुम्ही नातीसाठी आलात का?"

"नाही. माझ्यासाठी."

मुलींना खरं वाटेना. "मग सांगा, लिपीच्या होडीचं नाव काय?"

मिस्त्रींना ते नेमकं आठवेना. रोज वाचलेलं नाव, पण डोक्यात नुसतं धुकं. "जलपरी?" ते म्हणाले. मुली किंचाळल्याच. "जलपरी शत्रूची होडी आहे!" कुरिअरवालीने तोंड झाकून घेतलं. बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "त्यांना एक संधी आणखी द्या." मुलींनी दुसरा प्रश्न घातला, तोही चुकला. मग त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि मिस्त्रींना शिकवायला लागल्या. बघता बघता भोवती घोळका जमला. कुरिअरवाली हातवारे करून सांगत होती, मुलं तिला अडवत होती, बाई न्यायनिवाडा करत होत्या. एका मुलाच्या आईने तिघांना रांगेत पुढे नेलं. सातवा भाग मिळाला.

त्याची किंमत मिस्त्रींनी नंतर मोजली. सोमवारी डायलिसिसला त्यांना चाकाच्या खुर्चीतून आत न्यावं लागलं. बायकोने डबा आदळून ठेवला.

सातवा भाग तिघांनी मिळून वाचायचा, कुणी पुढे पळायचं नाही, असं ठरलं होतं. निम्मा वाचून झाला असेल. एक दिवस कुरिअरवालीने पान उलटलं आणि पुढे वाचलंच नाही.

"काय गं?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझं ऑपरेशन ठरलंय. आईची किडनी जुळली." तिची नजर पुस्तकातच होती. "पुढच्या आठवड्यात. कधीचं ठरलं होतं. मला सांगवेना."

"मूर्ख आहेस," बाई म्हणाल्या. "अशी बातमी लपवतात होय?" आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मिस्त्रींना आनंद झाला. खराच झाला. त्यांचं स्वतःचं हृदय असल्या ऑपरेशनला पुरं पडणार नाही, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, आणि बाईंचं वय झालं होतं. आनंदाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, ते त्यांनी उकरून बघितलं नाही. "आईला जप," ते म्हणाले. "आणि चांगली धडधाकट होऊन पळ इथून."

तिच्या खुर्चीत दुसरा माणूस आला. तो चारही तास घोरायचा. पुस्तक बाईंच्या खुर्चीच्या कप्प्यात पडून राहिलं. तिची वाट बघायची असं दोघांनी न बोलता ठरवलं होतं.

मग एका दुपारी तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका भरीव. संसर्ग होईल म्हणून तिला काही महिने कुणाला भेटायची बंदी होती. इकडचं तिकडचं झालं. मग ती घुटमळली.

"काका, मी चूक केली. मी एक प्रत मागवली आणि सगळं वाचून टाकलं. एका दिवसात. मला थांबताच येईना. मी दमलेच नाही हो, काका. सकाळी सुरू केलं, आणि संध्याकाळी बघते तर अजून दमले नव्हते." ती रडायला लागली.

आपणही कधी असं दिवसभर न दमता काही केलं असेल, लिफ्टच्या शाफ्टमध्ये लोंबकळत, हे मिस्त्रींना आठवून बघावं लागलं.

"त्यात रडण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले. "फक्त शेवट सांगू नकोस. बाई मारतील तुला."

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्चीच्या कप्प्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "काढा पुस्तक. वाट बघण्याइतका वेळ आहे कुणाकडे?"

मिस्त्रींनी एकट्याने वाचलं. एका दिवशी चार पानं, कधी दोन, कधी नुसतं पुस्तक छातीवर. वाचता वाचता आवाज बसायचा, ओळ हरवायची. तेव्हा बाई मागचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायच्या आणि गाडी पुढे सरकायची. ऋतू बदलला तेव्हा कुठे पुस्तक संपलं. मशीनमध्ये रक्त फिरत राहिलं.

बंदी उठल्यावर एका सुटीच्या दिवशी कुरिअरवाली मिस्त्रींच्या घरी आली. तोंडाला मास्क, पण चेहऱ्याची सूज उतरलेली. दवाखान्यात एकदोनदा बघूनही मिस्त्रींच्या बायकोने तिला आधी ओळखलंच नाही. बाईंना त्यांचा भाचा दारापर्यंत सोडून गेला. चहा झाला. मिस्त्रींना नेहमीप्रमाणे तळाशी दोन घोट.

"सांगा आता," कुरिअरवाली म्हणाली. "कसा वाटला शेवट?"

"लेखक कंटाळला होता," बाई म्हणाल्या. "नदी सरळ केली, भाऊ परत आणला, झालं. इतका खटाटोप, आणि शेवट एवढासा?"

"पण बुचकचं काय? शाप सुटला आणि त्याला बोलताच येईना. साधं पाणमांजर झालं. मी किती रडले!"

"मला वाटतं, लिपीने घरी जायला नको होतं," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे?"

"वर डोंगरात राहायला हवं होतं. इतकं पाहिल्यावर घरी जाऊन ती काय करणार? होडीच वल्हवणार ना?"

"अहो काका, तिची आई आहे घरी!"

बायको दारात उभी राहून ऐकत होती. ट्रे हातातच होता. "म्हणजे ती मुलगी घरी पोचते का?" तिने विचारलं. "हे मला कधी काही सांगत नाहीत. आले की झोपतात. मी आपली पिशवीत पुस्तकं भरते, एवढंच."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"बसा, काकू," कुरिअरवाली सरकून म्हणाली. "पहिल्यापासून सांगते. एक नदी असते, ती समुद्रातून निघते—"

"थांब, तू घाई करतेस," बाई म्हणाल्या. "आधी बापाचं सांग."

मिस्त्रींनी मान मागे टेकली आणि डोळे मिटले. त्यांनाही सांगायचं होतं, होडी जाळली त्या रात्रीचं, ते त्यांनीच चांगलं वाचलं होतं. पण कालच डायलिसिस झालं होतं आणि अंग शिशाचं झालं होतं. दोघी भांडत होत्या, बायको मध्येच "अगं बाई!" म्हणत होती. बायकोने एकदा वळून त्यांच्याकडे बघितलं, ओठावर बोट ठेवलं, आणि दोघींनी आवाज खाली आणला. पण गोष्ट काही थांबली नाही.