"जाऊ का?" विचारायला कोणी नाही

मंडळी, शुक्रवारची सुट्टी म्हणून आज इथल्या, आखातातल्या अमेरात गावच्या आमच्या तिरंदाजीच्या मैदानावर गेलो. वारा असा, की शब्दवेधी राहू द्या, माझे सगळे बाण वायुवेधी निघाले.

वारा डावीकडून, म्हणून नेम डावीकडे धरला. नेमका वारा पडला आणि बाण डावीकडच्या रेतीत. अशा वेळी वसईचा आग्नेल मागून हमखास म्हणायचा, "शास्त्रीबुवा, मंत्र चुकला काय?" गेल्या महिन्यात तो नोकरी संपवून कायमचा घरी गेला.

बाण आणायला पुढे जाण्याआधी सोबत्याला ओरडून विचारायचं, हा इथला नियम. नाहीतर पाठीत बाण. सवयीने मी ओरडलो, "जाऊ का?" आणि त्याचं "यल्ला, जा!" ऐकायला थांबलो. मैदानात मी एकटा. पाठ इतकी सुरक्षित कधीच नव्हती, पण पाय उचलेना.

शेवटी वसईला फोन लावला. "आग्नेल, जाऊ का रे?"

तो म्हणाला, "थांबा शास्त्रीबुवा, माझे दोन बाण बाकी आहेत."

थांबलो. उन्हं डोंगराआड गेली तरी बाण रेतीतच होते.

तुम्हीही असं कोणासाठी थांबता का हो?