गुरुवारच्या लायनीतल्या चपला

इंग्लंडला निघालो त्या दिवशी मी आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची पिशवी उचलून नेली आणि माझ्यासाठी केलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी तिच्यासाठी मागे ठेवली.

थोडा दोष पिशव्यांचा. बियाण्यांच्या दुकानदाराने दिवाळीला वाटलेल्या दोन सारख्या पिवळ्या पिशव्या, ओसरीत एकाच खुंटीला टांगलेल्या. दारात जीप उभी. शेवगावला जाऊन पुण्याची एसटी गाठायची म्हणून चुलतभाऊ बाळू हॉर्नवरचा हात काढत नव्हता. डोळ्यांत पाणी दिसू नये म्हणून मी वर पत्र्याकडे बघत होतो. वर बघत खाली हात घातला की दुसरं काय होणार? आई म्हणाली, "पोचल्यावर आधी खाऊन घे." मी मान हलवली आणि तिचं महिन्याचं औषध काखेत मारून निघालो.

बायको, सुनंदा, माझ्या आधी चार महिने गेली होती. ती नर्स. नगरला शिकली, तिथेच नोकरी केली, परीक्षा दिल्या आणि इंग्लंडच्या सरकारी दवाखान्याने तिला बोलावून नेलं. मी सुप्याच्या एमआयडीसीत मशिनी दुरुस्त करायचो. मला कुणीच बोलावलं नव्हतं. माझ्या व्हिसावर स्वच्छ लिहिलं होतं, डिपेंडंट. गावात मात्र मी सांगून आलो होतो की कंपनीने पाठवलंय. कुठल्या कंपनीने, हे कुणी विचारलं नाही. हा गावाचा मोठेपणा.

कोव्हेंट्रीच्या स्वयंपाकघरात मी पिशवी टेबलावर ठेवली आणि ऐटीत म्हणालो, आईने चटणी दिलीय, भात लाव. सुनंदाने हात घातला तर आत गोळ्यांची पाकिटं आणि रबर लावलेलं आरोग्य केंद्राचं पिवळं कार्ड. तिने एक पाकीट उजेडात धरून नाव वाचलं आणि शांतपणे विचारलं, "ही चटणी जेवणाआधी घ्यायची का नंतर?"

मला घाम फुटला. फोन लावला. आई निवांत होती. गुरुवार मधे येऊन गेला होता, ती केंद्रावर गेली होती, सिस्टरने नव्या गोळ्या दिल्या होत्या, कार्डही नवं करून दिलं होतं. मी म्हणालो, मग चटणी? "चटनी आमी खाल्ली. चांगली झाल्ती."

मी हसलो, पण फोन ठेवल्यावर मन जरा खट्टू झालं. मी केवढा घोटाळा केला होता, आणि तिचं माझ्यावाचून काही अडलंच नव्हतं.

तुम्ही जे मागे राहिलात त्यांना हे कळणार नाही, आणि जे माझ्यासारखे गेलात ते कबूल करणार नाहीत. परक्या देशात माणसाला कामाचा त्रास होत नाही, थंडीचा होत नाही. आपल्याशिवाय तिकडे सगळं नीट चाललंय, याचा होतो.

आमच्या गावापासून चालत अर्ध्या तासावर आरोग्य केंद्र आहे. दर गुरुवारी तिथे बीपी-शुगरवाल्यांची तपासणी असते. सिस्टर नऊला खिडकी उघडतात, पण बाया सातलाच पोचतात. पोचल्या की खिडकीपासून ओळीने चपला काढून ठेवतात आणि स्वतः लिंबाखाली जाऊन बसतात. लाईन चपलांची, माणसं सावलीला. चपलांचा नंबर कुणी मोडत नाही. सरपंचाची आई आली तरी तिच्या चपला शेवटी. लहानपणी मी आईबरोबर जायचो तेव्हा वाटायचं, औषध चपलांना द्यायचंय.

आईच्या मागे कायम गयाबाईच्या चपला. गयाबाई आमच्या शेजारच्या वाडीची, वयाने आईपेक्षा मोठी, आवाजाने त्याहून मोठी. गुरुवारी संध्याकाळी फोन केला की आईकडून मला अख्ख्या पंचक्रोशीची बातमी मिळायची, आणि प्रत्येक बातमीची सुरुवात "गयाबाई म्हनत हुती" अशी व्हायची. कुणाची सून नांदायला आली, कुणाची बोअर आटली. शुगर किती निघाली, हे मी विचारलं तरच सांगायची.

इंग्लंडचा दवाखानाही सरकारीच. सगळ्यांचा. आमच्या गोदामाचा साहेब आणि तिथे फोर्कलिफ्ट चालवणारा मी, एकाच यादीत. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला फार भारी वाटलं. मग माझा खांदा धरला. सकाळी आठला फोन लावायचा, एक बाई गोड आवाजात सांगणार की तुमच्या पुढे लाईनीत इतकी माणसं आहेत, आणि मग बासरी ऐकत उभं राहायचं. पुढे कोण आहे दिसत नाही, मागे कोण आहे दिसत नाही, लिंब नाही, सावली नाही. फोनच्या लाईनीत चपलाही ठेवता येत नाहीत. एकदा डबा भरायला म्हणून फोन खाली ठेवला तर तेवढ्यात नंबर आला आणि गेला. पुढे भेट मिळाली, तपासणी झाली, घरी पत्र आलं, आणि पत्रातली तारीख पुढच्या ऋतूतली निघाली. पण ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी असं जीव लावून तपासलं की जाताना मी दारात विचारलं, काही पैसे द्यायचेत का. तपासणारी मुलगी म्हणाली, व्यायाम करा.

गोदामात माझ्याबरोबर बॅरी नावाचा एक गोरा आहे. तो या वाट बघण्याला रोज शिव्या घालतो आणि मी रोज बाजू घेतो. मी त्याला सांगतो, बाबा, खिशात हात न घालता उपचार होतात, कदर कर. एकदा त्याने सहज विचारलं, तुझ्या आईलाही तिकडे असंच मिळतं का? मी छाती काढून म्हणालो, छे, तिला मी प्रायव्हेटमध्ये टाकलंय. बॅरी म्हणाला, का? मी फोर्कलिफ्ट चालू केली.

कारण होतं. बॅरीला सांगण्यासारखं नव्हतं इतकंच. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या छातीत दुखलं तेव्हा आम्ही त्यांना आधी सरकारीतच नेलं होतं. तिथे ईसीजीचं मशीन होतं, मशीन चालवणारा रजेवर होता. तिथून नगरला नेईपर्यंत उशीर झाला. खासगीतल्या डॉक्टरने हात लावून सांगितलं की तासभर आधी आणायला हवं होतं. तो तास माझ्या डोक्यात बसला. म्हणून चटणीच्या प्रकरणानंतर महिन्याभरात मी कोव्हेंट्रीत बसून, मोबाईलवर, आईसाठी तालुक्याच्या एका खासगी हॉस्पिटलचं वर्षाचं पॅकेज घेतलं. आईने एवढंच म्हटलं, "मशिनवाला नव्हता तर सिस्टर काय करील रं?" मी ऐकलं नाही. सुनंदाला विचारलं नाही. घरात नर्स असताना मी हॉस्पिटल निवडलं ते फोटोतल्या लॉबीतली कारंजी बघून.

हॉस्पिटल वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. बाळूने आईला मोटारसायकलवर नेलं. एसी होता, खुर्ची मऊ होती, सगळे मॅडम म्हणत होते. सोनेरी अक्षरांची फाईल दिली. डॉक्टरने नीट तपासलं आणि विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? आई म्हणाली, न्हाई. त्या दिवशी मी व्हिडिओ कॉलवर होतो. बाळूने तिचा चेहरा दाखवला. त्या मऊ खुर्चीत आई इतकी सरळ बसली होती की मला वाटलं, खुश आहे. तसं तर ती कोर्टात साक्षीला गेली होती तेव्हाही अशीच बसली होती.

त्यानंतर गुरुवारच्या बातम्या बंद झाल्या. मी विचारायचो, गयाबाई काय म्हणते? आई म्हणायची, काय की. मला वाटलं, आता केंद्रावर जायची गरज नाही म्हणून भेट नाही. गोळ्या घेतेस का? घेते. कुठल्या? तू दिलेल्या. फोन ठेवल्यावर मला बरं वाटायचं. रोज सकाळी तिच्या तळहातावर माझ्याकडून एक काहीतरी पोचतंय, असं वाटायचं. दुसरं मी काय पाठवणार होतो? चटणीसुद्धा नीट आणता आली नव्हती.

आणि एका गुरुवारी सकाळी मी कामावर निघत होतो, तिकडे दुपार झाली होती, तेव्हा बाळूचा फोन आला. आई पडली. कुठे? आरोग्य केंद्रावर, लायनीत.

म्हणजे सकाळी, लिंबाखाली. बोलता बोलता तिचा आवाज जड झाला, अंगाला दरदरून घाम सुटला आणि ती गयाबाईच्या खांद्यावर कलंडली. गयाबाईने एवढ्या मोठ्याने हाक मारली की सिस्टर खिडकी टाकून पळत आल्या. शुगर तपासली, तोंडात साखर घातली, सलाईन लावलं. मग तिची पिशवी उपडी केली. आत दोन प्रकारची पाकिटं. नावं वेगळी, औषध एकच. आई रोज सकाळी दोन्ही घेत होती. त्या दिवशी नंबर जायला नको म्हणून नुसत्या चहावर निघाली होती. ती एक गुरुवार चुकली नव्हती. मलाच सांगत नव्हती.

सिस्टरने बाळूच्या हातातून फोन घेतला. "तुम्ही मुलगा का? अहो, आमच्याकडच्या गोळ्या चालू असताना या दुसऱ्या कोणी लावल्या?" मी म्हणालो, मी. त्या म्हणाल्या, तुम्ही डॉक्टर आहात? मी म्हणालो, नाही, फोर्कलिफ्ट चालवतो.

सुनंदा माझ्यासमोर उभी होती. रात्रपाळी करून आलेली, अंगावर निळा गणवेश तसाच. तिने विचारलं, "तिकडच्या डॉक्टरला आधीच्या गोळ्या सांगितल्या होत्यास?" मी नाही म्हणालो. "मला का नाही विचारलंस?" आईला काही झालं असतं तर त्याला कारण कुठला दवाखाना नसता, सरकारी नाही की खासगी नाही. मीच असतो. सुनंदा माझं तिकीट काढायला बसली.

आठवड्याने मी गावात पोचलो. आई अंगणात गहू पाखडत होती. मला बघून म्हणाली, वाळलास. मी सोनेरी फाईल शोधली. ती पिठाच्या डब्यावर झाकण होती. रात्री जेवताना मी विचारलं, आई, तुला सिस्टरकडेच जायचं होतं तर माझ्या गोळ्या कशाला खात होतीस? तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"सिस्टरच्या गोळ्या शुगरसाठी खात हुते. तुज्या तुज्यासाठी. तू इतक्या लांबून धाडल्या, टाकून कशा द्यायच्या?"

मी भाकरी खाल्ली. बघायला वर पत्रा होताच.

त्या रात्री अंथरुणावर पडून मी हिशोब मांडायचा प्रयत्न केला की घर म्हणजे आता काय. कोव्हेंट्रीत फ्रिजवर चुंबकाने आईचं जुनं पिवळं कार्ड लावलेलं असायचं. भेंडी काढायला गेलं की तिचं नाव दिसायचं, खाली सिस्टरचं अक्षर, गुरुवार, गुरुवार, गुरुवार. माझ्या डोळ्यांपुढे गाव यायचं ते नेमकं त्या कार्डाएवढं. मी ते येताना बरोबर आणलं होतं. ठरवलं होतं की सिस्टरच्या हातात द्यायचं, माफी मागायची, आणि सांगायचं की यापुढे जे आहे ते तुमच्याकडेच.

गुरुवार उजाडला. आई माझ्या आधी निघून गेली. मला उठवलंही नाही. मी पोचलो तेव्हा खिडकी उघडली होती, बाया उठून आपापल्या चपलांवर उभ्या राहत होत्या, आणि आईचा नंबर दुसरा होता. मागे गयाबाई. मला इतकं भरून आलं की मी बूट वाजवत सरळ आईशेजारी जाऊन उभा राहिलो, खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि खिडकीत हात घालून म्हणालो, सिस्टर, एकच मिनिट.

सिस्टरने मान वर केली नाही. आई जमिनीकडे बघत राहिली. मागून माझ्या पाठीत एक बोट रुतलं.

"इंग्लंडचा हायेस ना तू?" गयाबाई म्हणाली. "तुज्या आईच्या चपला सातपसून हितं हायेत. तुज्या कुटं हायेत? जा, मागं ऱ्हा."